देश कर्जामुळे खरंच बुडतो का? श्रीलंकेत लोकांच्या ठेवींचं आणि पीएफचं नेमकं काय झालं?

मृदुला_सोलापूर

नमस्कार. आधीच सांगते, मी फार्मसीवाली आहे, अर्थशास्त्रातलं मला फारसं कळत नाही, म्हणून इथे विचारतेय. माझे वडील झेडपीच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले, आता वय ७४. पेन्शन आहे, पण बाकी आयुष्यभराची शिल्लक सगळी पोस्टात आहे, एमआयएस, सीनियर सिटिझनवाली स्कीम, थोडं एनएससी, आणि बँकेत एक एफडी. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला की सरकारवर इतके लाख कोटी कर्ज आहे, म्हणजे आज जन्मलेल्या बाळाच्या डोक्यावर पण इतके रुपये, आणि खाली श्रीलंकेच्या राष्ट्रपती भवनातल्या स्विमिंग पूलमध्ये उतरलेल्या लोकांचा फोटो, "पुढचा नंबर आपला". तेव्हापासून त्यांना झोप नाही. म्हणतात सगळं मोडून सोनं घेऊन ठेवू, मुदतीआधी मोडलं तर कापून घेतात ते कापू दे.

मी त्यांना नुसतं "काही होत नाही हो बाबा" म्हणत बसलेय पण मला स्वतःलाच माहीत नाहीये काही होतं की नाही. सरकार जुनं कर्ज फेडायला नवीन कर्ज काढतं असं सगळेच म्हणतात, मग हे चालतं किती दिवस, आणि तुटतं तेव्हा नेमकं काय तुटतं? श्रीलंकेत साध्या माणसाच्या बँकेतल्या पैशाचं, पीएफचं काय झालं? माहीत असलेल्यांनी प्लीज खरं काय ते सांगा, नुसता धीर नकोय.

कटुनायकेकर

ताई, मी २०१७ ते २०२२ कोलंबोजवळ कटुनायकेला होतो, विमानतळाच्या शेजारी जो एक्स्पोर्ट झोन आहे तिथे एका गारमेंट कंपनीत मर्चंडायझर. आकडे बाकीचे सांगतील, मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

पहिलं म्हणजे ते एका दिवसात झालं नाही. २०१९ च्या ईस्टरला २१ एप्रिलला चर्चमध्ये आणि हॉटेलांमध्ये बॉम्बस्फोट झाले, पर्यटक बंद. त्याच्या आदल्या वर्षी २३ लाख पर्यटक आले होते, गेस्ट हाऊसवाले, टुकटुकवाले, सगळ्यांचं त्यावर चालायचं. ते जरा सावरतंय तोवर कोविड. तरीही तेव्हा कुणी देश बुडतोय वगैरे बोलत नव्हतं, दुकानं भरलेली होती. मग २०२१ च्या दिवाळीच्या आसपास दूध पावडर मिळेनाशी झाली. आपल्याकडे दूध पिशवीतून येतं, तिथे घराघरात चहा पावडरीच्या दुधाचा आणि ती पावडर येते बाहेरून, डॉलर देऊन. आमच्या कँटीनमध्ये एक दिवस बिनदुधाचा चहा आला, सगळे हसले. पुढे तो कायमचाच झाला.

त्यानंतर गॅस, मग पेट्रोल, मग औषधं. मार्च २०२२ मध्ये कोलंबोच्या प्रांतात शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या, कारण काय तर छापायला कागद नाही. पेट्रोलच्या रांगेत उन्हात उभी राहून म्हातारी माणसं मेली, हे मी पेपरात वाचलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने गेलो, रांग तशीच होती. मार्चच्या शेवटी दिवसाला १३ तास लाइट नव्हती. आमच्याकडे लाइनवर बसणाऱ्या मुली सगळ्या खेड्यातून आलेल्या, खोलीत सहा-सहा जणी राहायच्या, पगार रुपयात. जानेवारीत डॉलरला २०० रुपये होते ते मेपर्यंत ३६० झाले. पगार तोच. त्यातली एक मला म्हणाली, सर मी घरी पैसे पाठवते पण ते पोचेपर्यंत निम्मे होतात. पैसे बँकेतून कुणी चोरले नव्हते ताई. बँकेत आकडा होता तेवढाच होता. त्याच्यात येणारा तांदूळ कमी झाला होता.

ट्रेझरीवाला

मी एका सरकारी बँकेच्या ट्रेझरीत २२ वर्षं काढली, सरकारी बाँडची, म्हणजे सरकार कर्ज काढताना देतं त्या रोख्यांची, खरेदी-विक्री हेच काम. मृदुलाताई, तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग घेतो.

जुनं कर्ज फेडायला नवं काढणं, याला आम्ही रोलओव्हर म्हणतो आणि ते जगातलं जवळजवळ प्रत्येक सरकार करतं. सरकार म्हणजे माणूस नाही की साठीला रिटायर होणार म्हणून तोवर गृहकर्ज संपलं पाहिजे. त्याला दरवर्षी टॅक्स येत राहतो. त्यामुळे कर्ज किती हा आकडा एकटा घेऊन बसलं की माणूस उगाच घाबरतो किंवा उगाच निर्धास्त होतो. मी आधी तीन गोष्टी बघायचो. कर्ज कुठल्या चलनात आहे, व्याज भरायला टॅक्स पुरेसा गोळा होतो का, आणि येत्या वर्ष-दोन वर्षांत किती कर्जाची मुदत संपतेय. श्रीलंकेचं तिन्हीकडून एकदम अडलं.

त्यांनी २००७ मध्ये पहिल्यांदा परदेशी मार्केटमध्ये डॉलरचे बाँड विकले, ५० कोटी डॉलरचे. तिथलं यादवी युद्ध संपल्यावर तर ते वरचेवर विकायला लागले. आधी त्यांना वर्ल्ड बँक, एडीबी (आशियाई विकास बँक), जपान यांच्याकडून स्वस्तात, ३०-४० वर्षांच्या मुदतीने कर्ज मिळायचं. बाँडचं तसं नसतं, व्याज ६-७ टक्के आणि मुदत पाच-दहा वर्षं, आणि मुदत संपली की एका दिवसात सगळं मुद्दल द्यायचं. ते द्यायला परत नवे बाँड. तोवर ठीक आहे जोवर मार्केट तुम्हाला विचारतंय.

मग डिसेंबर २०१९. गोटाबया राजपक्षे नुकते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले होते आणि त्यांनी व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, पगारातून कापला जाणारा टॅक्स काढला, आणि वर्षाला १.२ कोटींच्या धंद्याला व्हॅटची नोंदणी लागायची ती मर्यादा एकदम ३० कोटींवर नेली. सरकारचं उत्पन्न जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या, १२ टक्क्यांच्या आसपास होतं, आधीच जगातल्या सगळ्यात कमी उत्पन्नवाल्या सरकारांमध्ये जमा, ते ८-९ वर आलं. २०२१ मध्ये सरकारच्या हातात पडलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले ७० हून जास्त रुपये नुसत्या व्याजाला गेले. मुद्दल वेगळं. उरलेल्या तिसात पगार, पेन्शन, दवाखाने, शाळा, खत. कर्ज फेडायची पत ठरवणाऱ्या रेटिंग एजन्सींनी रेटिंग पाडलं, २०२० नंतर परदेशात नवा बाँड विकणं बंदच झालं. म्हणजे रोलओव्हरचा दरवाजा बंद आणि जुन्याची तारीख मात्र येतच राहिली.

आता मला सगळ्यात जास्त राग येतो ती गोष्ट सांगतो. जानेवारी २०२२. देशात दूध पावडर नाही, औषधं संपत आलीत, बंदरात अन्नधान्याचे कंटेनर डॉलरअभावी अडकलेत, आणि सरकारने ५० कोटी डॉलरचा एक बाँड वेळेवर फेडला. का, तर आम्ही स्वातंत्र्यापासून एकही हप्ता चुकवलेला नाही हा मान राखायचा होता. आणि तीन महिन्यांत, १२ एप्रिलला, जाहीर केलं की परदेशी कर्ज फेडणं थांबवतोय. आधी मान्य केलं असतं की आपल्याकडून होत नाहीये, आयएमएफकडे (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, अडचणीतल्या देशांना कर्ज देणारी संस्था) एक वर्ष आधी गेले असते, तर ते ५० कोटी इंधनाला आणि औषधाला मिळाले असते. मेमध्ये त्यांच्या अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की वापरता येण्यासारखी गंगाजळी, म्हणजे परकीय चलनाचा साठा, ५ कोटी डॉलरसुद्धा नाहीये. २०१९ च्या शेवटी ती ७६० कोटी डॉलर होती. एवढ्या देशाला पाच कोटी म्हणजे एका मोठ्या तेलाच्या जहाजाचे पैसे पण नाहीत.

रोखठोक_राजा

एवढं लांब लिहायची गरज नाही, चीनने कर्ज देऊन बंदर गिळलं एवढीच गोष्ट आहे. हंबनटोटा गुगल करा.

ट्रेझरीवाला

राजाभाऊ, हंबनटोटा झालं ते झालंच, २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या लीजवर १.१२ अब्ज डॉलरला दिलं. बंदर चालत नव्हतं, निवडलेलं ठिकाण राजपक्षेंच्याच जिल्ह्यातलं होतं, त्यात चुका भरपूर. पण लीजचे जे पैसे आले ते बंदराचं कर्ज फेडायला गेलेच नाहीत, ते गंगाजळीत गेले, बाकीच्या हप्त्यांसाठी. आणि चीनचं सगळं मिळून परदेशी कर्जातलं प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास होतं. मार्केटमधल्या बाँडचीच थकबाकी साडेबारा अब्ज डॉलर, ते घेणारे न्यूयॉर्क-लंडनचे फंड. चीनवर सगळं टाकलं की घरातला टॅक्सचा निर्णय, रुपया धरून ठेवण्याचा निर्णय, खतबंदीचा निर्णय हे सगळं सुटून जातं. आणि तेच तर शिकायला हवं होतं ना.

लासलगावचा_अण्णा

रुपया धरून ठेवण्यावरून सांगतो कारण ते आमच्या अंगावर आलं. आम्ही कांदा एक्स्पोर्ट करतो, लासलगाव-पिंपळगावचा माल, कोलंबोच्या पेट्टा मार्केटला आमच्या दोन पार्ट्या कायमच्या. लंकेला मोठा कांदा आपलाच लागतो. २०२१ च्या शेवटाला पार्टी म्हणायची अण्णा माझ्याकडे पैसे आहेत, रुपये आहेत, बँक डॉलर देईना. सरकारी दर २०० ला खिळवून ठेवलेला आणि बाहेर काळ्या बाजारात २४०-२५० चालायचा, मग गल्फमध्ये काम करणारी त्यांची माणसं बँकेतून पैसे कशाला पाठवतील, हुंडीने पाठवायची. म्हणजे देशात डॉलर येत होते पण बँकेत येत नव्हते. आमचे कंटेनर कोलंबो बंदरात पडून, कांदा काय लोखंड आहे का थांबायला, चार दिवसात वास सुटतो, वरून बंदराचं भाडं चढतंय. एका पार्टीने अर्धे पैसे सात महिन्यांनी दिले, दुसऱ्याचे बुडाले. त्याला शिव्या तरी कशा द्यायच्या, त्याचं दुकानच बंद झालं.

७ मार्च २०२२ ला त्यांनी रुपया सोडला आणि मग तो असा पडला की विचारू नका. आधीच थोडा थोडा उतरू दिला असता तर लोकांनी सवय करून घेतली असती.

आणि एक, भारताने त्या वर्षी तिथे जवळपास ४ अब्ज डॉलरची मदत केली, डिझेल, तांदूळ, औषधं, आधीची देणी पुढे ढकलली. पेट्टातला माझा माणूस मला फोनवर रडत म्हणाला होता की तुमच्याकडचं डिझेलचं जहाज लागलं म्हणून आज गाडी निघाली. हे मी विसरणार नाही.

कटुनायकेकर

अण्णांनी हुंडीचं बरोबर लिहिलंय, आमच्या कंपनीतल्या ड्रायव्हरचा भाऊ कतारला होता, तो तसंच पाठवायचा, त्याला कोण चूक म्हणणार, एका पगारामागे पाच-सात हजारांचा फरक पडत होता.

खताचं पण राहिलं. २०२१ च्या मेमध्ये एका फटक्यात रासायनिक खत आणायला बंदी, का तर संपूर्ण देश सेंद्रिय करायचा. बोलायचे पर्यावरण, पण खताला लागणारे डॉलर वाचवायचे हे तिथे सगळ्यांना कळत होतं. नोव्हेंबरात बंदी उठवली पण हंगाम गेला होता. भात पिकवून खाणारा देश तांदूळ आयात करायला लागला, म्हणजे खताचे वाचवलेले डॉलर तांदळाला गेले. चहाच्या मळ्यांचं उत्पन्न पण घसरलं आणि चहा म्हणजे तर डॉलर आणणारं पीक.

ओसाकातून

इथे जरा वेगळं मत मांडतो. मी नऊ वर्षं जपानमध्ये आहे, सॉफ्टवेअरमध्ये. जपान सरकारवरचं कर्ज जीडीपीच्या दुपटीहून जास्त आहे, श्रीलंका कोसळली तेव्हा तिचं साधारण १०० टक्क्यांच्या थोडं पुढे होतं. इथे पेट्रोलची रांग नाही, दूध मिळतं. कारण कर्ज येनमध्ये, घेणारे बहुतेक जपानीच, आणि जवळजवळ निम्मे बाँड तर बँक ऑफ जपानने, म्हणजे इथल्या रिझर्व्ह बँकेनेच, घेऊन ठेवलेत. ट्रेझरीवाले काकांचं म्हणणं त्यामुळे पटतं.

पण इथे राहून मला हे पण दिसतं की स्वतःच्या चलनातलं कर्ज म्हणजे फुकट नाही. सरकारच्या बजेटचा जवळपास चौथा हिस्सा जुन्या कर्जाच्या व्याज-मुद्दलाला जातो. कन्झम्प्शन टॅक्स १९८९ ला ३ टक्के होता, आता १० आहे. आणि २०२२ ते २०२४ मध्ये येन डॉलरला ११५ वरून १६० च्या पुढे गेला, कारण अमेरिकेने व्याजदर वाढवले आणि बँक ऑफ जपानला तसे वाढवता येईनात, एवढ्या कर्जावर व्याज थोडं जरी चढलं तरी सरकारचा हिशोब हलतो, असं इथे बरेच जण म्हणतात. माझी घरमालकीण ८० वर्षांची आहे, सगळी बचत येनमध्ये, ती भाजी घेताना आता दोन दुकानं फिरते. कोसळणं असं नाही म्हणता येणार त्याला, पण तिच्या पैशाची झीज रोज होतेय. तेव्हा "आपलंच चलन, आपल्याच नोटा, काही होत नाही" असं कुणी सांगितलं तर ते पण अर्धवटच आहे.

मृदुला_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. अण्णांच्या कांद्याच्या गोष्टीला ते गप्प झाले, त्यांच्या भावाची पण कांद्याची शेती आहे. पण त्यांचा प्रश्न अजून तोच आहे. लंकेतल्या त्यांच्यासारख्या रिटायर मास्तरच्या पीएफचं काय झालं? बँकेतल्या एफडीचं काय झालं? आणि पोस्टातले पैसे म्हणजे सरकारला दिलेले पैसे का, हे त्यांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

ट्रेझरीवाला

बाबांनी फार नेमकं विचारलंय, शेवटच्यापासून सुरू करतो. हो, पोस्टातले पैसे म्हणजे सरकारला दिलेलं कर्जच. एमआयएस, एनएससी, सीनियर सिटिझन, पीपीएफ, हे सगळं राष्ट्रीय अल्पबचत निधीत जातं आणि तिथून सरकारी रोख्यांत. त्या मेसेजमध्ये जो लाख कोटींचा आकडा होता ना, त्यात तुमच्या बाबांचे पैसे पण आहेत. मेसेज म्हणतो प्रत्येकाच्या डोक्यावर इतकं कर्ज, बाबांच्या बाबतीत ते कर्ज त्यांच्या पासबुकात जमेच्या बाजूला आहे. एफडीचं पण थोडंफार तसंच, बँकेला ठेवींचा ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो, एलआयसी, पीएफ यांचंही तसंच. म्हणून देशातलं कर्ज बुडवणं सरकारला फार अवघड जातं, कारण ज्याचे पैसे बुडतात तोच मत द्यायला येतो.

लंकेत काय झालं ते आता नीट ऐका. परदेशी कर्जाची फेररचना, म्हणजे मुदत-व्याज-रक्कम नव्याने ठरवणं, करायची तर आयएमएफचं म्हणणं पडलं की एकूण ओझंच कमी व्हायला पाहिजे. मार्च २०२३ मध्ये आयएमएफचं ३ अब्ज डॉलरचं पॅकेज मंजूर झालं, ते त्या देशाचं सतरावं. मग देशातल्या कर्जाला हात घातला. २९ जून ते ३ जुलै २०२३ बँका सलग पाच दिवस बंद ठेवल्या, कारण घोषणा झाल्यावर लोक पैसे काढायला धावले असते. त्याच सुट्टीत संसदेत ठराव मंजूर करून घेतला. बँकांकडचे सरकारी बाँड वगळले, म्हणजे ठेवीदारांच्या एफडीला धक्का लागला नाही, आकडा शाबूत राहिला. कात्री लागली ती पीएफला. नोकरदारांच्या पीएफ फंडांना सांगितलं की तुमच्याकडचे जुने बाँड द्या आणि नवे लांब मुदतीचे घ्या, २०२५ पर्यंत १२ टक्के आणि त्यानंतर ९ टक्के व्याजाचे. नाही बदलले तर तुमच्या उत्पन्नावरचा टॅक्स १४ चा ३० टक्के. याला ऐच्छिक म्हटलं होतं.

बाजारात त्या वेळी त्याहून बरंच जास्त व्याज मिळत होतं. म्हणजे मुद्दल बुडालं नाही, पण पुढची कित्येक वर्षं त्या कामगाराला जे मिळायला हवं होतं त्यातलं सरकारने ठेवून घेतलं. आणि त्याच्याही आधी महागाईने घेतलेलं होतंच, सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोत महागाई ७० टक्क्यांना टेकली होती, खाण्यापिण्याची ९५ च्या जवळ. ९ टक्के व्याज आणि ७० टक्के महागाई, यात मास्तरांच्या पीएफचं काय होतं ते मास्तरांनाच विचारा, गणित त्यांचं माझ्यापेक्षा चांगलं असेल. मला यातली खरी खंत ही आहे की टॅक्स माफीचा फायदा ज्यांना झाला आणि ज्यांचं पीएफ कापलं गेलं ते लोक वेगवेगळे होते. कटुनायकेच्या लाइनवरच्या मुलींना २०१९ च्या इन्कम टॅक्स माफीचं काय मिळालं?

कटुनायकेकर

काही नाही मिळालं. त्यांचा पगार टॅक्सच्या मर्यादेपर्यंत कधी गेलाच नव्हता. पीएफ मात्र प्रत्येकीचं कापलं जायचं, लग्नाच्या वेळी नोकरी सोडून ते काढायचं आणि गावी घराचं छत घालायचं, हे प्रत्येकीचं ठरलेलं असायचं. मी परत आलो तेव्हा सिमेंटची पिशवी हजाराची तीन हजारांच्या घरात गेली होती.

आणि पुढचा भार पण त्यांच्यावरच. विजेचे दर ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ टक्क्यांनी वाढले, पुढच्या फेब्रुवारीत परत ६६ टक्क्यांनी. व्हॅट जो ८ केला होता तो जानेवारी २०२४ पासून १८.

भोरचा_विद्यार्थी

काका, एमपीएससी करतोय म्हणून विचारतो, १९९१ ला आपलं पण असंच झालं होतं ना? सोनं गहाण ठेवलेलं. आणि आता आपलं, महाराष्ट्राचं कसं आहे? लाडकी बहीणमुळे राज्य दिवाळखोर होणार असं सगळीकडे ऐकतो.

ट्रेझरीवाला

१९९१ ला गंगाजळी तीन आठवड्यांच्या आयातीलाही पुरत नव्हती. मेमध्ये स्टेट बँकेमार्फत तस्करांकडून जप्त केलेलं २० टन सोनं परत विकत घेण्याच्या अटीवर स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं, आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं जवळपास ४७ टन मुंबईतून विमानाने बँक ऑफ इंग्लंडला गेलं, त्याच्यावर मिळाले साधारण ४० कोटी डॉलर. मी तेव्हा नोकरीत नवीन होतो. आमच्या ऑफिसमध्ये वयाने मोठी माणसं गप्प बसली होती, घरातला दागिना सावकाराकडे गेल्यासारखी. पण बघ, लंकेने जे टाळलं ते आपण केलं. हप्ता चुकायच्या आधी गहाण ठेवलं, रुपयाचं दोनदा अवमूल्यन केलं, आयएमएफकडे गेलो. शिव्या खाल्ल्या, पण पेट्रोल मिळत राहिलं.

आज गंगाजळी ६०० अब्ज डॉलरच्या वर आहे आणि केंद्राच्या कर्जात परदेशी हिस्सा दहा टक्क्यांहून कमी. त्यामुळे लंकेसारखं डॉलर संपून थांबणं आपल्याला लगेच नाही. म्हणून सगळं छान असं मात्र मी म्हणणार नाही. २०२५-२६ च्या बजेटमध्ये सरकारकडे येणाऱ्या रुपयातले २४ पैसे उसनवारीचे आहेत आणि खर्चाच्या रुपयातले २० पैसे व्याजाला. उसनवारी आणि राज्यांचा वाटा सोडून केंद्राकडे उरणाऱ्या महसुलाशी तुलना केली तर १०० रुपयांतले सदतीसच्या आसपास. हे मला आवडत नाही, कारण तेवढ्याच पैशात किती ग्रामीण रुग्णालयं उभी राहिली असती याचा हिशोब मी सवयीने करतो. केंद्र आणि राज्यं मिळून कर्ज जीडीपीच्या ८० टक्क्यांच्या वर आहे.

महाराष्ट्राचं २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ९.३२ लाख कोटी दाखवलंय, राज्याच्या जीडीपीच्या १९ टक्क्यांच्या आसपास. प्रमाण म्हणून ते अजून आटोक्यात आहे. पण राज्याला नोटा छापता येत नाहीत, केंद्राचं कर्ज बाकी असेल तर घटनेच्या २९३ कलमाप्रमाणे नवं काढायला केंद्राची परवानगी लागते. म्हणून राज्य लंकेसारखं कोसळत नाही, त्याची देणी लांबतात. कंत्राटदारांची बिलं, शिष्यवृत्त्या, पाणीपुरवठ्याची कामं. एक योजना वाईट की चांगली यापेक्षा मी हे विचारेन की त्या योजनेसाठी टॅक्स वाढवलाय की कर्ज, आणि कर्ज असेल तर पुढच्या वर्षी पण तेच का. बहिणीच्या हातात १५०० जाणं मला वाईट वाटत नाही, पण ते उसने असतील तर परतफेड तिच्याच मुलाकडून होणार आहे हे तिला कुणी सांगत नाही.

लासलगावचा_अण्णा

ते बिलांचं खरंय, माझा मेव्हणा रस्त्याची कामं घेतो, त्याला विचारा.

मृदुला_सोलापूर

सगळ्यांना सांगायचं राहिलं. काल बाबांनी स्वतः वही घेऊन हिशोब मांडला. लंकेतला एक मास्तर धरला, दहा लाख पीएफ, एका बाजूला ९ टक्के व्याज, दुसऱ्या बाजूला महागाई. दोन वेळा खोडून परत केला. मग म्हणाले याच्यापेक्षा त्याने खरंच सोनं घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं बाबा, पण आपलं लंकेसारखं झालेलं नाही, सगळं सोन्यात घालायची गरज नाही ना. त्यावर म्हणाले सगळं मोडून नको, पण पुढच्या मार्चला सीनियर सिटिझनवाली मुदत संपतेय, त्यातला चौथा हिस्सा सोन्यात आणि बाकी परत तिथेच.

मुदतीआधी मोडायचं रद्द झालंय, दंड वाचला. रात्री झोपले पण. आज सकाळी उठल्या उठल्या त्यांनी तो ग्रुप उघडला आणि मेसेज पाठवणाऱ्या सरांना लांबलचक उत्तर लिहायला घेतलंय, ट्रेझरीवाले काका, त्यात २० पैशांचा आकडा लिहिलाय, आणि ते विचारतायत की पुढच्या बजेटला तो २० चा किती झाला हे नेमकं कुठे बघायचं.

ट्रेझरीवाला

दर १ फेब्रुवारीला बजेटच्या कागदपत्रांमध्ये "बजेट ॲट अ ग्लान्स" नावाची छोटी पुस्तिका असते, त्यात दोन गोल चित्रं, रुपया येतो कुठून आणि जातो कुठे. हिंदीतही असते. बाबांना म्हणावं व्याजाच्या आकड्याखाली दरवर्षी लाल पेन्सिलने रेघ मारून ठेवा, मी २००३ पासून ठेवल्यात.